दमट वेसाव्यात कोरडी पडणारी सापसुरळी

वेसावे कोळीवाड्यात पावसाळा सरला की बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून वाळत पडतात. बोंबलाच्या अंगात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते. तरीही ऊन आणि वारा मिळाला की काही दिवसांत तो काडीसारखा कडक होतो. जुलैत तोच बोंबील तसाच टांगला तर वाळत नाही, कुजतो. जुलैतली हवा आधीच पाण्याने भरलेली असते, बोंबलातले पाणी ओढून घ्यायला तिच्यात जागा नसते. सुकी मासळी पावसाआधीच भरून ठेवावी लागते ती याचसाठी.

याच कोळीवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर यारी रोडच्या इमारती सुरू होतात. समजा, तिथल्या एका घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी आहे आणि तिच्यात ब्लू-टंग स्किंक म्हणजे निळ्या जिभेची परदेशी सापसुरळी पाळलेली आहे. महिना जुलै. खिडकीबाहेर कपडे चार दिवस वाळलेले नाहीत, चपलांवर बुरशी आली आहे. अशा दिवसांत त्या सापसुरळीची कात अर्धवट निघते आणि मागच्या पायाच्या बोटांवर जुन्या कातडीची कडी अडकून राहते. हे कोरडेपणाचे लक्षण आहे. मुंबईच्या ऐन पावसाळ्यात, समुद्रापासून दोन-तीनशे मीटरवर, एखादा प्राणी कोरडा कसा पडेल, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. पण तो पडू शकतो, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवता येतो.

सापसुरळी मराठी वाचकाला नवी नाही. बागेत, पालापाचोळ्यात, कुंडीखाली सळसळत जाणारा हा तुकतुकीत सरडा. कुणी तिला सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजून उगीच मारतात. ती विषारी नसते. तिच्या कुळात जगभर दीड हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी काही सहाराच्या वाळूत राहतात, काही न्यू गिनीच्या भिजलेल्या जंगलात. पाळण्यासाठी विकल्या जातात त्या बहुतेक परदेशी जाती. त्यांत ब्लू-टंग स्किंक सर्वांत लोकप्रिय. ती दीड-दोन फूट वाढते, पिल्लांना जन्म देते आणि नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षे जगते. म्हणजे शाळेतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला प्राणी त्याच्या लग्नापर्यंत घरात असू शकतो.

आता तो हिशेब. हवामान खात्याच्या बातमीत जी आर्द्रता सांगतात ती सापेक्ष आर्द्रता असते. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, इतकेच ती सांगते. हवा जितकी गरम तितकी तिची ओंजळ मोठी. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ३५ अंशांना जवळजवळ ४० ग्रॅम. वाफ तेवढीच ठेवून हवा नुसती तापवली तरी आर्द्रतेचा आकडा खाली येतो, कारण ओंजळ मोठी झाली आणि पाणी तेवढेच राहिले.

जुलैतली वेसाव्याची हवा २७ अंश आणि ८८ टक्के धरू. तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. खिडक्या लावून एसी सुरू केला की यंत्रातल्या थंड नळ्यांवर वाफेचे पाणी होते आणि ते मागच्या पाइपातून खाली ठिबकत राहते. इमारतीखालून जाताना डोक्यावर पडतात ते थेंब म्हणजे खोलीतून काढून घेतलेली आर्द्रता. खोली २४ अंशांवर आणि ५० टक्क्यांवर आली, तर घनमीटरला ११ ग्रॅमच वाफ उरली. निम्म्याहून अधिक बाहेर गेली. माणसाला हे सुखाचे वाटते. पण सापसुरळीला ऊब लागते, म्हणून पेटीच्या एका टोकाला हीट लॅम्प असतो. त्या दिव्याखालची हवा ३५ अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात वाफ मात्र खोलीतलीच. आर्द्रता उतरते २७ टक्क्यांच्या आसपास. बाहेर धो धो पाऊस आणि काचेच्या आत वाळवंट.

टक्क्यांपेक्षाही बोलका आकडा म्हणजे हवेची तहान. हवेत अजून किती वाफ मावू शकते, त्या मोकळ्या जागेवर ओली वस्तू किती वेगाने सुकेल हे ठरते. दिव्याखालच्या त्या हवेची तहान खिडकीबाहेरच्या हवेच्या जवळपास दहापट असते. बोंबील वाळवायला ती उत्तमच. एसी बंद करून सगळे कामावर गेले, किंवा रात्री दिवा मालवून खिडक्या उघडल्या, की तीच पेटी पुन्हा ८५-९० टक्क्यांवर जाते. चोवीस तासांत अशी दोन टोके गाठणारी हवा कुठल्याच जंगलाच्या जमिनीलगत सहसा सापडत नाही. ‘मुंबई दमट आहे, सापसुरळीला आर्द्रतेची काळजी नको’ हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणून अर्धेच खरे ठरते.

सरपटणाऱ्या प्राण्यांची त्वचा पाणी अडवण्यासाठीच घडलेली आहे. खवल्यांत कठीण केराटिनचे थर असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा पातळ थर. पाणी मुख्यतः तो स्निग्ध थर अडवतो. तरीही त्वचेतून आणि श्वासातून थोडे पाणी जातच राहते. ओलसर जंगलातल्या जातींच्या त्वचेतून ते जास्त जाते, वाळवंटी जातींच्या त्वचेतून कमी. कात टाकण्याच्या वेळी ही त्वचा सर्वांत नाजूक अवस्थेत असते. जुन्या थराखाली नवा थर पूर्ण तयार होतो, दोहोंच्या मध्ये द्रव आणि विकरे झिरपतात आणि जुना थर सुटा होतो. अंग निस्तेज, पांढुरके दिसू लागते ते यामुळे. या दिवसांत हवा फार कोरडी असेल, तर जुनी कातडी लवचीक राहण्याऐवजी कागदासारखी कडक होऊन चिकटते. पाठीवरचा तुकडा चिकटून राहिला तरी फारसे बिघडत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर मात्र ती कडी होऊन बसते. पुढच्या वेळी तिच्यावर दुसरी कडी चढते, मग तिसरी. आतले बोट आवळले जाते, रक्त पोचत नाही, बोट आधी सुजते, मग काळे पडते आणि शेवटी गळून जाते. ब्लू-टंग स्किंकचे पाय देहाच्या मानाने इवलेसे असतात, बोटे त्याहून बारीक, त्यामुळे हे सुरुवातीला कुणाच्या लक्षातच येत नाही.

कोरडेपणाचा दुसरा तडाखा मूत्रपिंडांना बसतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. सरडे लघवीतून पाणी वाचवतात; शरीरातला टाकाऊ नायट्रोजन युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात. पाणी सतत कमी पडत राहिले तर हे क्षार मूत्रपिंडांत आणि सांध्यांत साचू लागतात. माणसाला होतो तसा गाउट त्यांनाही होतो. विष्ठेसोबतचा पांढरा भाग मऊ असेल तर ठीक. तो पिवळसर, खडूसारखा कडक येऊ लागला तर प्राणी तहानलेला आहे, मग पाण्याची वाटी कितीही भरलेली असो.

हे वाचून कुणी पेटीत दिवसातून चार वेळा पाणी फवारू लागेल, तर तो उलट्या बाजूच्या खड्ड्यात पडेल. सतत ओल्या आणि हवा न खेळणाऱ्या तळावर पडून राहणाऱ्या सापसुरळीच्या पोटावर फोड येतात, खवले तपकिरी होतात, त्यांत जिवाणू आणि बुरशी शिरते. फुप्फुसांचे दुखणे त्याहून वाईट. सरड्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. त्यांची प्रतिकारशक्तीही अंगाच्या तापमानावर अवलंबून असते. म्हणून ओलावा आणि गारवा एकत्र आले की धोका वाढतो. ओलावा आणि ऊब त्यांना चालते, कोरडेपणा आणि गारवा थोडे दिवस निभतो, पण ओली गार रात्र छातीत उतरते. नाकातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून श्वास, श्वासाला घरघर यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

मग आकडा किती ठेवावा? तो प्राण्याच्या मूळ गावावर ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या ब्लू-टंग स्किंकला साधारण ४० ते ६० टक्के मानवते. इंडोनेशिया आणि न्यू गिनीतल्या तिच्या भावंडांना ६० ते ८० लागते. दिसायला दोन्ही सारख्याच आणि दुकानात दोन्ही ‘ब्लू-टंग’ याच नावाने विकल्या जातात. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. जंगलातून पकडून आणलेली असेल तर ती इंडोनेशियाकडची असण्याची शक्यता अधिक. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातली लाल-काळी फायर स्किंकही दमट हवेची. डोळ्यांभोवती नारिंगी कडे असलेली न्यू गिनीची क्रोकोडाइल स्किंक तर ओढ्याकाठी आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगात राहणारी. तिला ७० ते ९० टक्के आर्द्रता हवी आणि वर फार ऊबही नको. उलट सहारातली ‘वाळूतला मासा’ म्हणून ओळखली जाणारी सँडफिश स्किंक वाळूत अक्षरशः पोहते, आणि वेसाव्याचा पावसाळा तिच्यासाठी आजारपणच. खरे तर ही जात किनाऱ्यालगतच्या मुंबईत कुणी आणूच नये.

विकत घेताना शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, ते आर्द्रतेसाठी आणि कायद्यासाठीही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जातींचा जिवंत प्राणी घरात असेल, तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावे लागते. आणि पावसात जिन्यात शिरलेली आपली देशी सापसुरळी ही पेटीत ठेवायची वस्तू नव्हे. तिला कागदावर घेऊन बागेत सोडावे.

पाळण्याविषयीचा बहुतेक सल्ला ब्रिटन-अमेरिकेतून येतो, आणि तिथेच मोठी गफलत होते. तिथली घरे हिवाळाभर हीटरने तापवलेली, म्हणून कोरडी ठणठणीत. तिथला जाणकार ‘सकाळ-संध्याकाळ फवारा मारा, जाळी अर्धी झाका’ असे सांगतो ते त्याच्या घरापुरते बरोबर असते. यारी रोडच्या बिनएसी घरात जुलैत तेच केले तर पेटीत पंधरा दिवसांत बुरशी धरेल. एसीच्या घरात त्याचा थोडा उपयोग होईल, पण फवाऱ्याचे पाणी तासाभरात उडून जाते आणि आकडा पुन्हा खाली येतो. सल्ला चुकीचा नसतो, तो दुसऱ्या हवेसाठी दिलेला असतो.

आधी मोजणे आले. काट्याच्या गोल घड्याळासारखे स्वस्त हायग्रोमीटर दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवतात. डिजिटल घ्यावेत आणि दोन घ्यावेत, एक दिव्याच्या टोकाला, एक गार टोकाला, दोन्ही प्राण्याच्या उंचीवर. पेटीच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेला हायग्रोमीटर जमिनीवरच्या सापसुरळीविषयी काही सांगत नाही. ते बरोबर दाखवतात का, हे तपासायला स्वयंपाकघरातले मीठ पुरते. झाकणात दोन चमचे मीठ घ्यावे, काही थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करावे, पाणी तरंगू देऊ नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून रात्रभर सोडावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. उपकरणाने ८१ दाखवले तर ते सहा टक्के पुढे आहे, एवढे लक्षात ठेवले की झाले. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच ७५ च्या वर हवा गेल्यावर. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून त्याला त्याआधीच सुटते.

पेटीत साऱ्या जागी एकच आकडा राखण्याचा आटापिटा नको. रानातली सापसुरळी दिवसात अनेकदा जागा बदलते, उन्हात दगडावर येते आणि मग दगडाखालच्या ओलसर मातीत शिरते. पेटीतही तिला तशी निवड हवी. सगळ्यांत उपयोगी वस्तू सगळ्यांत स्वस्त आहे. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, बाजूला प्राणी आरामात शिरेल एवढे भोक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत पिळून घेतलेले ओलसर मॉस किंवा कोकोपीट. हा डबा गार टोकाकडे ठेवावा. बाहेर हवा ४० टक्क्यांवर असली तरी डब्यात ८० राहतात, आणि कात टाकायच्या दिवसांत सापसुरळी आपणहून तिथे जाऊन बसते. मॉस आठवड्याला धुवावे, वास आला तर फेकून द्यावे.

तळाला कोकोपीटचा तीन-चार इंचांचा थर असावा आणि पाणी वरून फवारण्याऐवजी कोपऱ्यांतून ओतावे. खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. पोट कोरड्यावर आणि हवा मंद ओलसर, असा तो जमाखर्च. एसीच्या खोलीत वरच्या जाळीचा काही भाग झाकता येतो, आणि पेटी एसीच्या झोतासमोर कधीच नको. बिनएसी घरात पावसाळ्यात ओतणे थांबवावे, जाळी पूर्ण उघडी ठेवावी आणि दिवा दिवसभर चालू द्यावा. २७ अंशांची ८८ टक्क्यांची हवा दिव्याखाली ३५ अंशांवर गेली की ५६ टक्क्यांवर येते, म्हणजे पावसाळ्यात दिवा ऊब देतो आणि वाळवणही करतो. रात्री उजेड नको, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरावा, म्हणजे ती ओली गार रात्र टळते. मिस्ट मशीनचे धुके छायाचित्रात छान दिसते, पण त्याची टाकी रोज धुतली नाही तर साचलेल्या पाण्यातले जिवाणू तेच मशीन बारीक तुषार करून फुप्फुसांत पोचवते.

पावसाळ्याइतकाच फसवा काळ डिसेंबर ते मार्चचा. सकाळी जमिनीकडून कोरडा वारा असतो, आणि समुद्राकडचा वारा उशिरा सुटला तर दुपारी हवा ३०-४० टक्क्यांपर्यंत उतरते. वेसाव्याला समुद्र दारात असला तरी वारा कुठून येतो यावर सगळे ठरते. बोंबील कडक वाळतात ते दिवस, आणि सापसुरळीची बोटे रोज पाहायचे दिवसही हेच.

घरातल्या माणसांसाठीही दोन गोष्टी. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्याही विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्याला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर स्त्रियांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी त्याला हाताळू नये. पेटीत बुरशी दिसत असेल तर तिचे बीजाणू खोलीभर आहेत असे समजावे. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात ही पेटी झोपायच्या खोलीत नको.

कात अडकलीच तर ओढू नये, खालची नवी त्वचा फाटते. उथळ ताटात कोमट पाणी घ्यावे, मनगटाला जेमतेम उबदार लागेल इतपत आणि प्राण्याच्या कोपरापर्यंत. पंधरा-वीस मिनिटे त्याला समोर बसून उभे ठेवावे; त्या वेळात दुसरे काम काढू नये. मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलके गोल फिरवत न्यावे. सैल झालेली कडी मोज्यासारखी निघते. न निघाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. बोट सुजलेले, गार किंवा काळसर असेल तर तिथे घरचा उपाय संपला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे, आणि जाताना दोन्ही हायग्रोमीटरवरचे सकाळ-रात्रीचे आकडे लिहून न्यावेत. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.